बोरूची चाकरी

मरोळ नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला साहित्याची आठवण व्हावी असे तेथे वरकरणी काहीच नाही. डोक्यावरून मेट्रोचे डबे जातात, कुर्ला-अंधेरी रस्त्यावर मालमोटारींची खोळंबलेली रांग असते, बाजाराकडून सुक्या मासळीचा उग्र दर्प येतो, आणि मिठी नदी, जिला नदी म्हणावयास आता थोडे धैर्यच लागते, ती जवळून मुकाट्याने वाहत असते. तथापि या नाक्याच्या आसपास दोन स्थळे अशी आहेत की, ज्यास ती पाहण्याची सवड व पाहून विचार करण्याची खोड आहे त्यास, ‘लेखक’ या शब्दाची आणि त्या शब्दामागे दडलेल्या चाकरीची एक दीर्घ हकीकत तेथून उलगडता येते. प्रस्तुत लेखकास या दोन्ही गोष्टी वारशाने मिळालेल्या असल्यामुळे, म्हणजे खोड बालपणापासून आणि सवड सेवानिवृत्तीपासून, ती हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

पहिले स्थळ म्हणजे कोंडिविट्याची लेणी. लोक त्यांना महाकालीची लेणी म्हणतात. काळ्या कातळात कोरलेली ही लहानमोठी १९ लेणी; त्यांतील सर्वांत जुनी इसवी सनाच्या प्रारंभाच्या आगेमागे खोदली गेली, आणि काम पुढे पाचसहा शतके चालू राहिले. येथील चैत्यगृहात ब्राह्मी लिपीत एक लहानसा प्राकृत लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान दिल्याची ती नोंद. दात्याचे नाव राहिले, गोत्र राहिले, गाव राहिले. परंतु तो मजकूर ज्याने जुळविला त्याचे नाव त्यात नाही, आणि असावे असे त्या काळी कोणास वाटलेही नसावे. कोकणपट्टीतच, रायगड जिल्ह्यातील कुडे येथे, मात्र एका लेखात ‘लेखक’ हा शब्द चक्क कोरलेला सापडतो. मांदव कुळातील महाभोज खंदपालित याच्या पदरी शिवभूती नावाचा एक लेखक होता. त्याच्या धाकट्या भावाने तेथील लेणे दान दिले. हा शिवभूती ग्रंथकार नव्हे, तो कारकून होय. आणि कारकुनाच्या घरात लेणे खोदवून दान देण्याइतका पैसा होता ही गोष्ट मराठी ग्रंथकारांनी मनाशी नोंदवून ठेवण्यासारखी आहे. आपल्या प्रांतात लेखणीने पोट भरण्याची विद्या अतिप्राचीन आहे. मात्र ती दुसऱ्याचा मजकूर लिहिणाऱ्याची. स्वतःचा मजकूर लिहून पोट भरण्याची कल्पना पुष्कळ उशिराची, आणि, उघडच बोलावयाचे तर, अद्यापि कच्ची.

दुसरे स्थळ पाहण्यास परवाना लागतो. सांताक्रूझच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्यात क्षेत्राच्या, लोक ज्यास नुसते ‘सीप्झ’ म्हणतात त्याच्या, कुंपणाआड एका जुन्या ख्रिस्तमंदिराचे छप्पर नसलेले अवशेष उभे आहेत. जेझुइट पाद्र्यांनी ते १५७९ साली बांधले. १८४० मध्ये साथीच्या रोगाने गाव उठले, आणि उपासनेचे स्थान मरोळला हलविले गेले. मरोळच्या गावठाणातील ईस्ट इंडियन कुटुंबे ही त्या जुन्या वस्तीची वंशज. योगायोग असा की, ज्या १५७९ साली हे मंदिर बांधले गेले त्याच वर्षी विल्टशायरचा एक इंग्रज जेझुइट गोव्यास येऊन उतरला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. मुंबईच्या उत्तरेकडील हे बेट साष्टी, आणि गोव्यातील जेथे स्टीफन्सने आयुष्य घालविले तो तालुकाही साष्टी. या नामसादृश्याने अनेक चांगल्या अभ्यासकांचा पाय घसरलेला आहे, म्हणून सांगून ठेवितो की, आमच्या मरोळच्या साष्टीत स्टीफन्सने काही लिहिले नाही. त्याचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. आमच्या साष्टीसाठी लिहिणारा निराळा होता. फ्रान्सिस्कू व्हाश द गिमारांइश या फ्रान्सिस्कन पाद्र्याने उत्तर कोकणच्या बोलीत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे पुराण रचिले. त्याच्या लिस्बनच्या छापाचे वर्ष १६५९. लिपी रोमन, छंद आपल्या पुराणांच्या वळणाचा, आणि भाषा तीच जी मरोळ, वांद्रे, वसईकडील शेतकरी व कोळी बोलत.

या दोघा पाद्र्यांपुढे जो प्रश्न होता तो लेखनकलेचा खरा प्रश्न आहे. नवख्रिस्ती लोकांनी आपली जुनी पुराणे टाकिली होती, पण पुराण ऐकण्याची त्यांची भूक टाकवत नव्हती. तेव्हा परदेशातून आलेल्या माणसाने त्यांच्या कानाला रुचेल असे काही तरी त्यांच्याच वळणात लिहिणे भाग होते. व्याकरण शिकून हे साधत नाही. ओवी कोठे थांबते, श्रोता कोठे मान डोलावतो, कोठे पेंगतो, हे वर्षानुवर्षे श्रोत्यांत बसून शिकावे लागते, आणि स्टीफन्सने ते तब्बल सदतीस वर्षे शिकून मग ग्रंथ छापला. आजकाल पहिल्या कथेनंतर तिसऱ्या महिन्यात कथासंग्रहाची जुळवाजुळव करणाऱ्या मित्रांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. अर्थात स्टीफन्सला पोटाची चिंता नव्हती. त्याचे अन्नवस्त्र त्याचा संघ पाहत असे. तोही एका परीने पदरी असलेलाच लेखक.

‘ईस्ट इंडियन’ या नावाचाही येथे संबंध आहे. गोव्याहून व मंगळुराहून ख्रिस्ती उमेदवार मुंबईच्या कचेऱ्यांत व रेल्वेत येऊ लागले तेव्हा, आम्ही येथील मूळचे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे जुने प्रजाजन, हा हक्क उठून दिसावा म्हणून साष्टी-मुंबईच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, महाराणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे नाव धारण केले. म्हणजे एका समाजाचे नावच नोकरीच्या अर्जावरून पडले. मराठी लेखकाच्या इतिहासाला याहून समर्पक उपोद्घात मला सुचत नाही.

आता थोडे मागे जाऊ. लेखन चांगले कसे करावे याविषयी मराठीत जे जुने, सविस्तर आणि आजही वाचनीय असे विवेचन आहे ते दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात. त्याचे नाव ‘लेखनक्रियानिरूपण’. पुष्कळांची समजूत अशी की, रामदासांनी तेथे केवळ वळणदार अक्षराची महती गायिली आहे. आणि वरवर पाहता तसे आहेही. बोरू कसा तासावा, शाई कशी असावी, ओळी सरळ कशा याव्यात, असा सर्व तपशील तेथे आहे. परंतु समर्थ जे सांगतात त्याचा भावार्थ पाहावा. कागदाच्या कडा झिजून गळून पडल्या तरी अक्षरास धक्का पोहोचू नये एवढी जागा भोवती मोकळी ठेवावी. तरुणपणीच्या तीक्ष्ण दृष्टीच्या भरवशावर फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्याच कामास येत नाही. आणि ग्रंथाच्या आरंभी काढलेले अक्षर जसे, तसेच अखेरचे, जणू सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला आहे असे वाटावे. यातील एकही सूचना अशी नाही की जी अक्षरावरून उचलून शैलीवर ठेविली असता निरर्थक ठरेल. तारुण्यातले बारीक लिहिणे म्हणजे काय, हे मला माझ्या पंचविशीतील कविता परवा चाळताना समजले. त्या मला वाचता आल्या, पण कळल्या नाहीत.

समर्थ हे सांगत होते ते ग्रंथांच्या नकला करणाऱ्या मठातील शिष्यांस. दरबारी लेखनाची शाळा निराळी होती. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर मेस्तक म्हणून जे लहान ग्रंथ चालत आले त्यांत कोणास कोणता मायना लिहावा, श्रेष्ठास काय, समानास काय, सेवकास काय, याचे नियम असत. चिटणिसाच्या घरातले पोर हे पाठ करीतच मोठे होई. त्या शाळेचा शिरस्ता एकच: शब्द वाया घालवू नये आणि वाक्यातून पळवाट राहू देऊ नये, कारण खलित्यातील एक संदिग्ध क्रियापद किल्ला घालवू शकते. मराठी गद्याचा कणखरपणा बखरींत आला तो या कचेरीतून. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले ते जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. मल्हार रामराव चिटणिसाने बखर लिहिली ती साताऱ्यास धन्याच्या सांगण्यावरून. दोघांनाही ‘साहित्यिक’ म्हटले असते तर त्यांनी कपाळास आठ्या घातल्या असत्या. ते हुजूरचे नोकर होते आणि नोकरीचा एक भाग म्हणून त्यांनी जे लिहिले ते आपण आज साहित्य म्हणून वाचतो.

पेशवाई बुडाल्यानंतर हे सारे दफ्तर बंद झाले, आणि लेखणीधारी वर्गापुढे प्रथमच असा प्रश्न आला की, आता मजकूर कोणासाठी लिहावयाचा. याचे उत्तर प्रथम सरकारने दिले. पेशव्यांच्या काळी श्रावणात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जाई, तिला एल्फिन्स्टनने एकदम हात न लावता वार्षिक ५०,००० रुपयांची मर्यादा घातली, आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली. पुढे १८४९ मध्ये गोपाळ हरि देशमुख, म्हणजे लोकहितवादी, यांच्या पुढाकाराने एक अर्ज सरकारात रुजू झाला. या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस मिळावा, मग तो लेखक कोणत्याही जातीचा असो, एवढीच मागणी. पुण्यात वादळ उठले. तथापि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि मराठी ग्रंथकारास, ग्रंथकार म्हणून, पैसे मिळण्याचा पहिला रीतसर मार्ग खुला झाला.

या मार्गाने काय लिहिले गेले? बहुतेक भाषांतरे, शास्त्रांवरील पुस्तके, उपदेश. बक्षिसाच्या आशेने लिहिलेली सरस्वती परीक्षकाच्या तोंडाकडे पाहत बोलते हे खरे. पण त्या परीक्षकांनी मराठीस शिस्त लावली हेही नाकारता येणार नाही. सरकारचे मराठी भाषांतरकार मेजर थॉमस कँडी हे त्यांतील सर्वांत कडक. मोल्सवर्थच्या कोशाचे ते सहकारी. क्रमिक पुस्तकांतील वाक्ये त्यांच्या कानशीखाली गेल्यावाचून छापखान्यात जात नसत, आणि विरामचिन्हे मराठीत रुळविण्याचे श्रेयही त्यांचेच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी साहेबी वळणाच्या मराठीची जी रेवडी उडविली ती योग्य असेल. पण शास्त्रीबोवांची ती लांब पल्ल्याची वाक्ये ज्या स्वल्पविरामांच्या व अर्धविरामांच्या खुंट्यांवर तोललेली आहेत त्या खुंट्या मेजरसाहेबांनी ठोकलेल्या होत्या. प्रस्तुत लेखकाचाही संसार त्याच खुंट्यांवर टांगलेला असल्यामुळे त्याने याहून अधिक बोलणे शोभणार नाही.

या काळातील नामावळी पाहिली म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापक. व्याकरणकार दादोबा पांडुरंग सरकारी नोकर. लोकहितवादी न्यायखात्यात, आणि म्हणूनच त्यांची शतपत्रे ‘प्रभाकर’मधून टोपणनावाने आलेली. १८७८ च्या मे महिन्यात पुण्यास पहिली ग्रंथकार सभा भरली, जिला आपण पुढे पहिले साहित्य संमेलन म्हणू लागलो, तिचे अध्यक्ष न्यायाधीश रानडे. ग्रंथकारांची सभा, पण ज्याचे पोट ग्रंथावर आहे असा माणूस तीत शोधूनही सापडला नसता. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी परत केले, ते ज्या सभेतील लोक शूद्रादि अतिशूद्रांचे मनुष्यत्वाचे हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्याशी आमचे जमणार नाही, अशा अर्थाचे रोखठोक पत्र लिहून. त्या पत्राच्या बाणेदारपणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याच्या अर्थव्यवहाराची झालेली मला आठवत नाही. जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत. त्यांच्या घरात सरकारी मुशाहिरा येत नव्हता आणि दक्षिणेची बिदागीही येत नव्हती. त्यामुळे त्यांच्या लेखणीस कोणाचा मायना सांभाळावयाचा नव्हता.

चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू केली तेव्हा तेही सरकारी शाळेत शिक्षक होते. ८४ अंक एकट्याच्या लेखणीतून काढणे हा पराक्रम त्यांनी बराचसा चाकरी सांभाळून केला. चाकरीची बेडी तोडली ती १८७९ मध्ये, आणि त्या सुमारास शाळा, छापखाना, चित्रशाळा, किताबखाना असे उद्योग मांडले. लेखकाने स्वतंत्र व्हावयाचे तर त्याला दुकानदार व्हावे लागते, हा धडा त्यांनी घालून दिला. तो धडा पुढे सर्वांत नेटाने गिरविला तो डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. ज्ञानकोशासाठी त्यांनी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढून भागभांडवल उभे केले, गावोगाव वर्गणीदार मिळविले, आणि सर्व खटाटोपाची हकीकत ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहून काढली. ग्रंथकाराच्या धंद्यावर मराठीत इतके निर्भीड पुस्तक दुसरे नाही. होतकरू लेखकांनी ते कादंबऱ्यांच्या आधी वाचावे.

नाटकमंडळ्यांतून नाटककारास काय मिळे हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. येथे एवढेच सांगतो की, राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळीत लागले ते मुलांचे मास्तर म्हणून.

मासिकांनी मात्र चित्र पालटले. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी मुंबईत १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ काढले, आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढून मराठी लेखकाच्या वर्षाला एक सुगीचा हंगाम जोडून दिला. तेव्हापासून मराठी लेखकाचे पंचांग शेतकऱ्यासारखे झाले आहे: आषाढात मागणीची पत्रे, श्रावणात लेखन, भाद्रपदात तगादा, आश्विनात अंक, आणि मानधन मार्गशीर्षात, आले तर. एका अंकाने मला एकदा मानधनाऐवजी त्याच अंकाच्या तीन प्रती पाठविल्या होत्या. त्यांपैकी दोन मी शेजाऱ्यांस दिल्या, आणि तिसरीत माझ्या लेखाची शेवटची चार पाने बांधणीत राहून गेलेली होती.

वाचक वाढला, मागणी वाढली, आणि मग हा धंदा शिकविता येतो काय असा प्रश्न उपस्थित झाला. त्याचे उत्तर ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून दिले. या पुस्तकाची आज कोणी फारशी आठवण काढीत नाही, पण त्या काळी त्याने केवढी खळबळ उडविली असेल याची कल्पना शीर्षकावरूनच यावी. प्रतिभा ही ईश्वरदत्त, पूर्वजन्मीच्या पुण्याईने लाभणारी, असे ज्या समाजात शास्त्रीपंडितांपासून हरदासापर्यंत सर्व मानीत आले त्या समाजात तर्कशास्त्र शिकविणारा एक प्राध्यापक उभा राहून म्हणतो की, तिची साधना करिता येते, कथानकाची बांधणी, आरंभ, उत्कंठा, शेवट यांचे तंत्र अभ्यासाने हस्तगत होते. समर्थांनी बोरू तासण्याविषयी जे सांगितले तेच फडक्यांनी कथानकाविषयी सांगितले, असे मला वाटते. दोघांनाही हाताच्या सवयीचे महत्त्व कळले होते. फडक्यांवर झालेल्या टीकेतील मर्मही खोटे नाही. तंत्र सर्वांनी शिकल्यावर सर्वांच्या नायिका एकाच खिडकीत उभ्या राहू लागल्या. १९४५ नंतर गाडगीळ, अरविंद गोखले, भावे, माडगूळकर यांनी ती खिडकीच काढून टाकिली. परंतु ज्यांनी तंत्र मोडले त्यांना ते आधी येत होते, ही गोष्ट त्यांच्या अनुयायांच्या ध्यानात राहिली नाही, आणि पुढे बरीच वर्षे मराठी कथेत काही घडेनासे झाले ते, माझ्या मते, त्यामुळे.

गाडगीळ प्रभृतींच्या या नवकथेची पेढी म्हणजे ‘सत्यकथा’. १९३३ ते १९८२ असे हे मासिक चालले, आणि गिरगावातील खटाववाडीत श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांनी संपादकाच्या टेबलाचे जे पीठ केले त्यास तोड नाही. कथा स्वीकारली असे पत्र येण्याआधी, ती कोठे सैल आहे, कोणता परिच्छेद नको, शेवट दोन वाक्ये आधीच झालेला आहे काय, अशा पृच्छेची पत्रे येत. कोणी चिडत, कोणी पुन्हा लिहीत. जे पुन्हा लिहीत ते टिकले. या पीठाचा अहंकारही थोडा नव्हता, आणि १९६९ मध्ये राजा ढाले यांनी त्यावर जो हल्ला चढविला तो निष्कारण नव्हता: टेबलाच्या पलीकडे ज्यांची भाषाच ऐकू जात नव्हती असे लोक दाराशी येऊन उभे राहिले होते. तरीही एवढे म्हणावेच लागेल की, लेखनाची सुधारणा लेखकाच्या एकांतात होते हा समज खटाववाडीने खोटा पाडला. ती दुसऱ्याच्या तांबड्या शाईत होते.

आता उपनगरांकडे येऊ. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, विंदा करंदीकर इंग्रजीचे, मर्ढेकर आकाशवाणीत, व. पु. काळे महापालिकेत वास्तुविशारद; नारायण सुर्वे आधी पालिकेच्या शाळेत शिपाई व मग तेथेच शिक्षक. वांद्र्याच्या पूर्वेस कलानगराजवळ ‘साहित्य सहवास’ नावाची लेखकांची वसाहत उभी राहिली, तिच्या इमारतींची नावे झपूर्झा, शाकुंतल, उषःकाल अशी. पण त्या इमारतींचे हप्ते पगारातून फिटले. ज्या संस्थेस आपण नोकरी म्हणून बोल लावितो तीच मराठी साहित्याचा खरा राजाश्रय होय, असे माझे मत झाले आहे. संस्थानिकांनी जे दिले नाही, विद्यापीठांनी जे दिले नाही, ते महिन्याच्या पहिल्या तारखेने दिले. आमच्या साहित्यातील मध्यमवर्गीयपणाची जी ओरड होते तिचे मूळही त्याच पहिल्या तारखेत आहे. ज्याची भाकर खावी त्याची चाकरी लेखणीतून दिसतेच.

केवळ वाचकाच्या जोरावर ढिगाने लिहिणारे नव्हते असे नाही. गिरगावच्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळापहाड यांच्यासाठी पोरे खाऊचे पैसे जमवीत. त्यांचाही मूळ धंदा चष्म्यांचा. वाचकाच्या डोळ्यांस प्रथम चष्मा देऊन मग पुस्तक देणारा हा ग्रंथकार टीकाकारांनी कधी पंक्तीस बसविला नाही, आणि त्याचे त्यास दुःख झाले असल्यास ते त्याच्या पुस्तकांच्या वेगात कोठे दिसले नाही.

आणि एक माणूस असा होता की ज्याच्यापाशी पहिली तारीखही नव्हती आणि चष्म्याचे दुकानही नव्हते. मरोळहून पूर्वेस घाटकोपरला गेले म्हणजे चिरागनगर लागते. तेथील झोपडीत अण्णा भाऊ साठे राहत. वाटेगावहून १९३१ मध्ये कुटुंबासह पायी मुंबईस आलेला हा मुलगा शाळेत गेला तो उणापुरा दीड दिवस. अक्षरे ओळखली ती चित्रपटांच्या जाहिरातींवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून. गिरणीत व मिळेल तेथे मजुरी केली. समर्थांचा समास, मेस्तक, कँडीसाहेब, प्रतिभासाधन, खटाववाडी यांपैकी कोणतीही शाळा त्यांना लाभली नाही. त्यांना लाभला तो फड. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणीच्या पाळीवरून सुटलेला, दमलेला, भुकेला श्रोता समोर बसला असता कोणता शब्द पोहोचतो आणि कोणता हवेत विरतो याची परीक्षा जेथे जागच्या जागी होते, तेथे त्यांचे वाक्य घडले. हजारांचा जमाव उठून जाणे ही जगातील सर्वांत तांबडी शाई आहे. म्हणून त्यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीचे वाक्य आखूड आहे, क्रियापदावर जोर देणारे आहे, आणि मोठ्याने वाचले असता श्वासाशी बरोबर जुळते. या माणसाने पस्तिसेक कादंबऱ्या लिहिल्या, ‘फकिरा’स १९६१ मध्ये राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी रशियाची यात्राही घडली. त्या यात्रेहून परत येऊन ते उतरले ते चिरागनगरातच. पुस्तकांवर पुस्तके खपत होती, कथांवर चित्रपट निघत होते, आणि लेखक मात्र हलाखीतच होता. मराठीत केवळ लेखणीवर जगू पाहणाऱ्याचे काय होते याचा पुरावा मागणाऱ्यास तो घाटकोपरच्या पलीकडे शोधण्याचे कारण नाही.

मरोळच्या चाळींत, मजुरांच्या खोल्यांत, औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळीच्या उपाहारगृहात आजही कोणी तरी वही उघडून बसलेले असेल, याविषयी मला शंका नाही. त्यास माझे सांगणे दोनच गोष्टींचे आहे. नोकरी सोडू नये, आणि करारनामा पुरता वाचल्यावाचून त्यावर सही करू नये. या देशात ग्रंथाचे स्वामित्व कर्त्याच्या हयातीत त्याचे आणि मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे त्याच्या वारसांचे असते, जर त्याने ते आधीच कोठे लिहून दिले नसेल तर. अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात वारले. कायद्याच्या हिशेबाने ‘फकिरा’ अजून सर्वांचा झालेला नाही. ती मुदत ३१ डिसेंबर २०२९ रोजी संपते.